साळूबाईला आणायला कोण जाणार

कातळवाडीच्या साळूबाईला रुसता यायचं. आता रुसता कुणाला येत नाही? राजूरच्या बाजारात दुपारभर एखाद्या झाडाखाली बसलं, तर बैलगाडीत तोंड फिरवून बसलेली दोन-चार माणसं सहज दिसतात. पण त्यांचं रुसणं भज्याच्या पुडीपर्यंत टिकतं. साळूबाई मांडून रुसायची. आधी बोलणं थांबायचं, मग चुलीकडं पाठ व्हायची, मग गाठोडं बांधलं जायचं, आणि मग साळूबाई घोडमाथ्यावर राहायला जायची.

घोडमाथा म्हणजे गावाच्या थेट डोक्यावरचं पठार. तिथं घरची वरई असायची आणि वावराच्या कडेला कारवीच्या कुडाचं, गवतानं शाकारलेलं खोपटं. वरई पिकायला लागली की रानडुकरं आणि वानरं ती आपलीच समजून यायची, म्हणून कुणीतरी वर राहून राखण करायची. या राखणीचा साळूबाईनं फार चांगला उपयोग करून घेतला होता. गावाला वाटायचं बाई कामाला गेली. घरच्यांना कळायचं कशाला गेली ते.

रुसलेल्या माणसाला आणायला जायचे काही नियम आहेत. ते साळूबाईनं केलेले नव्हते, ती फक्त काटेकोर पाळायची. ज्याच्यावर रुसलो त्यानंच यायचं. दुसऱ्याला पाठवलं तर तो नुसता निरोप झाला. रिकाम्या हातानं यायचं नाही, नारळ पाहिजे. आणि चूक कुणाची हे काढायचं नाही, कारण ते काढत बसलं की खाली उतरायला अंधार होतो.

नवरा सहादेव जिवंत होता तोवर काही अडचण नव्हती. सहादेव बोलण्यात कंजूष. स्वतःच्या हातची भाकर स्वतःला गिळवेना की तो नारळ घेऊन माथ्यावर जायचा. खोपटासमोर एक चपटा धोंडा होता. त्यावर खोपटाकडं पाठ करून बसायचा, बिडी ओढायचा आणि एकदा खोकायचा. एकदाच. आत साळूबाई गाठोडं बांधायला घ्यायची. मग तो पुढं, ती मागं, असे दोघं उतरायचे. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांची भांडणं कशावरून होत हे गावात कुणाला कळलं नाही, आणि गावाला त्याचं फार वाईट वाटायचं.

बाहत्तरचा दुष्काळ पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात सहादेव तापानं गेला. त्यानंतर मुलाचं, कानिफनाथाचं लग्न झालं आणि लंकाबाई घरात आली. तिनं सासऱ्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. लंका संगमनेरच्या बाजूची, पिठाची गिरणी असलेल्या गावातली. कामाला वाघीण, तोंडानं गरीब. सासूनं काहीही सांगितलं की "बरं, आत्याबाई" म्हणायची, आणि बरं म्हणून झालं की आपल्याला हवं तेच करायची. भांडायला अशा माणसाइतकं अवघड दुसरं कुणी नाही.

कानिफनाथ दोघींचं ऐकायचा. आईसमोर आईचं, बायकोसमोर बायकोचं. दोघी एकत्र असल्या की तो बैलांना पाणी दाखवायला जायचा. त्याचे बैल त्या काळात फार पाणी प्यायचे.

तर झालं असं. दुष्काळात सगळ्यांनी मिलो खाल्ली होती. मिलो म्हणजे ती अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. ती दळायला खालच्या वाडीतल्या नव्या गिरणीत जायची आणि साळूबाईची त्याला हरकत नव्हती. परक्याचं धान्य परक्याच्या यंत्रात भरडलं जातंय, जाऊ दे. पण पुढच्या पावसाळ्यानं हात दिला, भादव्यात हळवी, म्हणजे लवकर पिकणारी नागली घरात आली. आणि या घरात नव्या नागलीचं पहिलं दळण जात्यावर व्हायचं, त्याची पहिली भाकर देवापुढं जायची. साळूबाईनं हे सुनेला आदल्या दिवशी सांगितलं. लंका "बरं" म्हणाली, आणि सकाळी पाटी डोक्यावर घेऊन गिरणीत गेली.

लंकानं भाकर देवापुढं ठेवली. साळूबाईनं ती परत उचलली आणि दारात जाऊन उजेडाला धरली.

"हे काय गं?"

"भाकर, आत्याबाई."

"कशाची?"

"नागलीची. आपल्याच."

"ह्यात मिलो हाय."

गिरणीत आपल्या आधी कुणाची मिलो दळून झाली असेल, तर तिचं मूठभर पीठ आपल्यात येतं, हे खरं. पण नागलीही तांबडी, मिलोही तांबडी. एकीतून दुसरी नुसत्या डोळ्यांनी वेगळी काढायची म्हणजे त्याला साळूबाईच पाहिजे.

"असंल चिमूटभर," लंका म्हणाली. "देव काय पाखडून खातो व्हय?"

कानिफनाथ बैलांना पाणी दाखवायला गेला.

दुपारी साळूबाई शेजारच्या रतनबाईच्या ओट्यावर बसली आणि आपल्या घरात नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "देवाला अमेरिकेची भाकर दावली. आता त्या घरात माजं काय काम हाय?"

दुसऱ्या दिवशी ती निघाली. गाठोड्यात गोधडी, तपेली, परात, मीठ-मिरची आणि जात्याचा खुंटा. खुंटा म्हणजे जात्याची वरची तळी ज्या लाकडी दांड्यानं फिरवतात तो. तो काढून नेला की जातं म्हणजे दोन दगड उरतात. घराला अद्दल घडावी असा तिचा हिशेब होता. दळण तर गिरणीतच जात होतं, त्यामुळं अद्दल घडायला वाव थोडा होता. तरी कानिफनाथानं त्याच संध्याकाळी बाभळीचा दुसरा खुंटा तासून बसवून पाहिला, आणि आईला कळलं तर वाईट वाटेल म्हणून काढून माळ्यावर दडवून ठेवला.

"कवा येनार, मावशी?" वाटेवर रतनबाईनं विचारलं.

"आनायला येतील तवा."

"कोन?"

"जिनं धाडलं ती."

हे लंकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रतनबाई मधे असली की लागत नसे. लंका म्हणाली, "मी कुटं धाडलं? आपल्या पायानं गेल्या, आपल्या पायानं येतील." हेही वर पोचलं, कानिफनाथाबरोबर. तो बाजार झाला की आईला मीठ-मिरची द्यायला वर जायचा.

"आई, चल आता," तो म्हणायचा.

"तू कोन?"

कानिफनाथाला क्षणभर विचार करावा लागायचा. "तुजा ल्योक."

"मंग तुज्यावर मी कुटं रुसले?"

मग तो थोडी वरई कापू लागायचा आणि उतरायचा.

घोडमाथ्यावरून समोर कळसूबाईचं शिखर दिसतं. नवरात्र लागलं तशी त्या वाटेवर माणसांची रांग लागली, इथून मुंग्यांएवढी. कळसूबाईची गोष्ट त्या मुलखात शेंबडं पोरही सांगतं. ती कुणाच्या घरी कामाला होती. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, असं तिनं आधीच बजावलं होतं. तरी त्यांनी तेच काम सांगितलं. ती उठली ती डोंगरावर जाऊन बसली, परत आलीच नाही. लोकांनी देऊळ बांधलं. साळूबाई वरई कापता कापता त्या रांगेकडं बघायची.

"तुला बरंय, बाई," ती शिखराला म्हणायची. "तुजं केरभांड्यावरून आन् माजं दळनावरून. एवढं जग चढतंय तुज्याकडं. माज्याकडं एक सून चढंना."

शिखर काही बोलायचं नाही. देवाच्या जागी गेलेल्यांना दुसऱ्याच्या घरचं काही पडलेलं नसतं.

दसरा झाला. वरई निम्मी कापून झाली. डुकरंसुद्धा येईनाशी झाली. आणि साळूबाईच्या मनात एक गोष्ट शिरली, ती काही निघेना. सहादेव असताना ती इथं राहिली ते रुसणं होतं, कारण तो येणार हे पक्कं होतं. आणायला येणारं माणूस आहे म्हणून ते रुसणं. तेच कुणी येणार नसेल तर? मग बाई डोंगरावर राहते, एवढंच. आणि आपल्या पायानं खाली गेलं, तर त्या घरात पुढं आपण आजारी पडलो काय, मेलो काय, "आपल्या पायानं गेल्या" एवढंच म्हणतील. तेव्हा लंकानं आलंच पाहिजे होतं. नारळ घेऊन.

मग परतीचा पाऊस आला. एका दुपारी शिखर काळं झालं, वारा पडला, आणि खोपटावर कुणी खडे मारल्यासारखा आवाज सुरू झाला. साळूबाई बाहेर आली ती पहिली गार कपाळावर घेऊनच आत गेली. परात डोक्यावर धरून बसली. परातीवर इतका कडकडाट झाला की तिला स्वतःची शिवीही ऐकू आली नाही. गवताचं छप्पर एका कोपऱ्यात खचलं, चूल भिजली, काडेपेटीचा लगदा झाला. खुंट्याचं गाठोडं तेवढं परातीखाली होतं म्हणून कोरडं राहिलं.

थांबल्यावर ती बाहेर आली. माथा पांढरा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, धोंडा, बांध, वावर, सगळं. उरलेली वरई आडवी पडून त्याखाली गेली होती. कुठं आवाज नाही, पाखरू नाही. थंडी अशी की दात वाजत होते. साळूबाईनं एवढ्या जन्मात गारा पाहिल्या होत्या, पण पडल्या की विरघळल्या अशा. हे विरघळेना. तिनं चिमूटभर उचलून तोंडात टाकलं. मीठ नव्हतं. असतं तर वर्षाची सोय झाली असती.

आणि मग तिला खरी अडचण कळली. एवढं मोठं काही बघितलं, आणि सांगायला शेजारीण नाही.

थंडी तिनं सोसली असती, उपासही सोसला असता. पण हे पोटात घेऊन बसणं तिच्यानं होईना. ओल्या गोधडीत कुडकुडत तिनं कशीबशी सकाळ केली. सकाळीही खोलगट जागी पांढरं तसंच होतं. तिनं ठरवलं: खाली जायचं, रतनबाईला सांगायचं, आणि कुणी बघायच्या आत परत वर येऊन बसायचं. हे काही उतरणं नव्हे. गाठोडं वर ठेवलं म्हणजे रुसणं वर आहे. तिनं गाठोडं खोपटाच्या मधोमध, आल्या-गेल्याला दिसेल असं ठेवलं, तपेलीभर गारा घेतल्या, तपेली गोधडीत गुंडाळली आणि निघाली. नेहमीची जवळची वाट कड्याच्या लाकडी शिडीवरून होती. ती निसरडी झाली असणार म्हणून लांबच्या बैलवाटेनं गेली.

घराला कडी होती. तिला जरा चुटपुट लागली. सुनेला चोरून जायचं ठरवलं होतं, आणि चोरायला सूनच नव्हती. ती रतनबाईच्या दारात गेली.

"मावशी? तुमी हितं?"

"रतने, हे बघ." साळूबाईनं गोधडी सोडली, तपेली पुढं केली.

रतनबाई वाकून बघू लागली. बराच वेळ बघितलं. "पानी हाय," ती म्हणाली.

"मगाशी गारा हुत्या."

"असतील."

"अशा, बोराएवढ्या. सगळा माथा पांढरा. धोंडा दिसंना."

"ते आमी बी पायलं हितनं सांजच्याला. पन मावशी, तुमी हितं कशा? लंका तुमास्नी आनायला गेली की."

साळूबाईनं तपेली परत गोधडीत गुंडाळली.

"कवा?"

"फटफटताच. त्या गोरक्षानं केलं बगा."

गोरक्ष लष्करातून पेन्शनवर आलेला. बर्फ पाहिलेला गावातला एकटा माणूस, आणि ही गोष्ट तो गावाला विसरू द्यायचा नाही. संध्याकाळी माथा पांढरा दिसला तेव्हा पारावर सगळे तोंड वर करून उभे होते. गोरक्षानं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि निकाल दिला.

"म्हनला, बर्फ हाय," रतनबाई सांगू लागली. "आमच्या चौकीवर असं अवचित पडलं तवा एक शिपाई बसल्या जागी गोठला, म्हने. हाक मारली तर ओ दीना. चौघांनी बसलेलाच उचलून खाली आनला. लंका पान्याला चालली हुती, तिनं ऐकलं."

"मंग?"

"घागर खाली ठिवली. म्हनली, आमच्या आत्याबाई एरवी बी हाकेला ओ देत न्हाईत, गोठल्या तर कळायचं कसं?"

मग जो एकच प्रश्न महत्त्वाचा होता तो साळूबाईनं विचारला.

"नारळ घेतला का?"

"ते न्हाई बगितलं. पदराखाली कायतरी हुतं."

"कसं हुतं?"

"गोल हुतं."

"आन् कानिफ?"

"तो कालपासनं राजूरला. पावसानं आडकला असंल."

म्हणजे लंका स्वतः गेली होती. कुणी पाठवलं नाही, कुणी बरोबर नाही. जिच्यावर रुसलो तीच, आणि पदराखाली गोल. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते आज घडलं होतं, आणि नेमकं आजच साळूबाई तपेलीभर पाणी घेऊन रतनबाईच्या दारात उभी होती. आणायला आलेल्याला रुसलेलं माणूस जागेवर सापडलंच नाही, तर ते आणणं धरायचं का, याबद्दल नियमांत काही नव्हतं. पण लंकासारखी सून ते धरणार नाही, हे कळायला नियम लागत नव्हता.

"कुनाला सांगू नको मी आल्ते म्हनून," साळूबाई म्हणाली.

"न्हाई सांगत," रतनबाई म्हणाली. साळूबाई ओढा ओलांडायच्या आत निम्म्या गावाला माहीत झालं होतं.

ती शिडीच्या वाटेनं निघाली. निसरडी असो की काही असो. पदर खोचून, गुडघ्यांना शिव्या देत, कारवीला धरधरून. शिडीवर चिखलाचे ताजे पाय उमटले होते, लहान आणि अंतर सोडून टाकलेले. घाईत गेलेल्या बाईचे. साळूबाईनं वाटेत काय सांगायचं ते जुळवलं. झऱ्यावर गेले होते म्हणावं. झऱ्यावर एवढा वेळ? गारांनी झरा बुजला होता म्हणावं.

माथ्यावर आली तेव्हा खोपटातून धूर निघत होता. ऊन पडलं होतं, पांढरं आता धोंड्यांच्या सावलीपुरतं उरलं होतं. साळूबाई दम दाबत कुडाच्या फटीशी गेली.

लंका चुलीपाशी बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कोपरावर खरचटलेलं. छपराचा खचलेला कोपरा तिनं खालून मेढीचा टेकू लावून उचलून धरला होता. गाठोड्यावर नारळ ठेवला होता. शेंडीवाला, चांगला मोठा. सुनेनं आगकाडी घरून आणली असावी. पण जाळायला सगळं रान ओलं. अख्ख्या माथ्यावर कोरडं लाकूड एकच होतं.

खुंटा चुलीत होता. सासूच्या तळव्यांनी घासून घासून तुळतुळीत झालेला, तेल प्यालेला. त्याला ज्योत छान लागली होती. त्यावर लंकानं ओल्या कारवीच्या काटक्या रचल्या होत्या, आणि धूर होत होता तो त्यांचा.

आत जावं तर झऱ्याची गोष्ट सांगावी लागणार. न जावं तर आपण इथं आहोत हे कळणार कसं? साळूबाई मागं सरली आणि समोरच्या चपट्या धोंड्यावर बसली, खोपटाकडं पाठ करून. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की या धोंड्यावर ती आज पहिल्यांदा बसत होती. इतकी वर्षं ती पलीकडच्या बाजूला असायची.

आत हालचाल थांबली. लंकानं तिला पाहिलं होतं. पण लंकालाही काही बोलायचं नव्हतं. जीव मुठीत धरून शिडी चढून आली, आणि गोठलेलं सोडा, साधं माणूसही जागेवर नाही. बैलवाटेकडं गेलेली पावलं तिनं पांढऱ्यात पाहिली होती. तिलाही राग येऊ शकत होता, आणि आला होता.

अशा दोघी बसल्या. कुणीही पहिलं बोलायचं नाही म्हटलं तर पुढची वरई तिथंच उगवली असती.

आणि लंका खोकली. एकदाच.

ती धुरानं खोकली, की मुद्दाम खोकली, यावर पुढं गावात दोन पक्ष पडले. धुराचा खोकला एकदा येऊन थांबत नाही, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसरा पक्ष विचारायचा, पण सहादेवाच्या खोकल्याचं लंकाला ठाऊक कसं असणार? तो गेल्यानंतर ती घरात आली होती, आणि साळूबाईनं ते तोवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लंकाला विचारलं तर ती "बरं" म्हणायची, म्हणजे काहीच कळायचं नाही.

साळूबाईला पक्षांशी देणंघेणं नव्हतं. खोकला ऐकला की उठायचं, हे तिच्या हाडात होतं. ती उठली आणि दाराशी गेली.

"चल," ती म्हणाली. "गाठोडं बांध."

"बांधल्यालंच हाय, आत्याबाई."

साळूबाईनं गाठोडं उचलून पाहिलं. हलकं लागलं. "आन् खुंटा?"

"कसला खुंटा?" लंकानं विचारलं. तोंडावर काही म्हणजे काही नाही.

साळूबाईनं चुलीकडं पाहिलं. खुंट्याचा शेवटचा वीतभर तुकडा ऐटीत जळत होता. तिनं हात पुढं करून थोडा वेळ शेकले. ऊब चांगली होती.

"बरं," साळूबाई म्हणाली.

हा शब्द त्या घरात तोवर एकटी लंकाच वापरत होती.

बैलवाटेनं दोघी उतरल्या. लंका पुढं, साळूबाई मागं. साळूबाईनं गारांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. परातीचा कडकडाट, तोंडात टाकलेली चिमूट, सगळं. लंकानं मधे फक्त एकदा विचारलं, की शिवी कोणती दिली. निम्म्या वाटेवर दोघींनाही भूक अनावर झाली. लंकानं नारळ दगडावर आपटला आणि दोघींनी करवंटी कोरून खाल्ला. पाणी साळूबाईला दिलं.

संध्याकाळी कानिफनाथ राजूरहून आला. आई चुलीपाशी दिसली तसा तो बैलांना पाणी दाखवायला निघाला, पण दोघी कशावरून तरी एकत्र हसत होत्या, म्हणून परत फिरला. बैल तहानलेलेच राहिले. मग त्यानं माळ्यावरचा खुंटा काढून दिला. तो वर्षातून एकदा, नव्या नागलीला, बसवला जाऊ लागला. बाकीचं दळण गिरणीतच गेलं, आणि त्यात मिलो आहे हे साळूबाई शेवटपर्यंत सांगत राहिली. मिलो यायची बंद झाल्यावरसुद्धा.

गोरक्षाशी तिचं कधी जमलं नाही. तो म्हणायचा ते बर्फ होतं. ती म्हणायची, गारा होत्या, मी खाल्ल्यात.

एवढं सगळं झालं, पण मुद्दा राहिलाच. नारळ नव्हता, लंका नुसतीच भीतीनं धावत गेली, ते काही आणणं नव्हे, असं म्हणणारी माणसं कातळवाडीत अजून आहेत. नारळ खरंच होता का, हे सांगणारी घराबाहेरची साक्षीदार एकटी रतनबाई. तिला विचारलं तर ती जरा आठवते, आणि मग सांगते की गोल होतं.